सगुणामावशीची भेग

सगुणामावशी, तुझी माणसं माझे आभार मानतायत, आणि हे तुला सांगितल्याखेरीज माझ्या जिवाला चैन पडणार नाही. गेल्या रविवारी जांभूळवाडीच्या शाळेच्या पडवीत उपासना झाली. देऊळ आता उरलेलं नाही, ते पुढं सांगतो. पाळकसाहेबांनी प्रार्थनेत माझं नाव घेतलं. सांगलीच्या मास्तरांना देवानं वेळेवर पाठवलं, त्यांच्यामुळं आमची लेकरंबाळं वाचली, असं म्हणाले. चाळीस माणसं एका सुरात आमेन म्हणाली आणि खरं सांगतो, माझ्याही तोंडून ते निघून गेलं. तू तिथं असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस, आणि बाहेर आल्यावर माझी बिनपाण्यानं केली असतीस.

तुला मातीला देऊन आज एकवीस दिवस झाले. गेलेल्या माणसाविषयी लिहिताना लोक जन्म, शिक्षण, परिवार असं ओळीनं लिहितात. तुझं त्यातलं मला काहीच नीट ठाऊक नाही. तुझं वय तर तुलाही ठाऊक नव्हतं. मला ठाऊक आहे ती तुझी उजव्या हाताची करंगळी, नखापाशी जराशी वाकडी, आणि त्या करंगळीवरून आपलं झालेलं भांडण. ते तू अर्ध्यावर टाकून गेलीस असं म्हणणार होतो, पण तेही खोटंच. भांडण तू जिंकून गेलीस आणि मी ते तुझ्या गावात अजून कुणाला सांगितलं नाही.

आपली पहिली भेट दुष्काळाच्या उन्हाळ्यातली. आमच्या सांगलीच्या ख्रिस्ती मंडळीतल्या तरुणांनी सेवा गट काढला होता. मे महिन्याच्या सुट्टीत खेड्यातल्या एखाद्या लहान मंडळीत जाऊन वीस दिवस राहायचं, मुलांची बायबल शाळा घ्यायची, औषधं वाटायची, काही डागडुजी करून द्यायची. मी चित्रकलेचा मास्तर, आवाज मोठा, म्हणून मी म्होरक्या. सोबत बारा कॉलेजातली मुलं-मुली आणि तासगावचा यशवंत गवंडी. तासगावाकडं विहिरींनी तळ गाठला होता, आणि पाटणच्या वर तुमच्या ओढ्याला पाणी बघून आमची पोरं वेड्यासारखी त्यात बसून राहिली. तू काठावर उभी राहून विचारलंस, "किती दिस ऱ्हानार?"

"वीस दिवस," मी म्हणालो.

"मंजी मिरगाच्या आत जानार. उनाळी पावनं."

ते नाव आम्हाला चिकटलं. मला तेव्हा ते कौतुकाचं वाटलं होतं.

मी तुला "अहो बाई, तुम्ही" म्हणायचो ते तुला आवडलं नाही. "तुमी म्हनलं की पोलिसपाटलासंगं बोलल्यावानी वाटतंय," म्हणालीस, म्हणून मी "मावशी, तू" वर आलो. तू मात्र शेवटपर्यंत मला "मास्तर, तुमी" म्हणत राहिलीस. वयानं तू आईसारखी आणि मान मला, असा आपला उलटा कारभार. मी त्या मानाला भुललो होतो, हे आता कळतंय.

पहिल्या वर्षी आम्ही मोठ्या थाटात संडास बांधून दिला. दुसऱ्या वर्षी येऊन बघतो तर आत छपरापर्यंत गोवऱ्या रचलेल्या. मी संतापलो. तू शांतपणे म्हणालीस, "लय झ्याक जागा दिलीसा मास्तर. ऐन झडीत बी गवरी कोरडी ऱ्हाती." आमच्यातला कुणीही झडीत तिथं राहिलेला नव्हता. तुमच्या खोऱ्यात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, गोवरी कोरडी राहणं ही तिथं चैनीची गोष्ट आहे, हे आमच्या गावी नव्हतं. आम्ही हसून ती गोष्ट सांगलीत सगळ्यांना सांगितली. उंटावरचे शहाणे म्हणतात ते आम्हीच.

त्याच उन्हाळ्यात माझं पोट बिघडलं आणि चार दिवस मी तुझ्या ओसरीवर पडून होतो. तू नाचणीची आंबील भरवलीस, कपाळावर ओलं फडकं ठेवलंस आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिलीस, "सेवा कराया आल्यात, आनि करून घ्याया लागल्यात." माझ्या आईनं केलं नसतं इतकं केलंस. त्याबद्दल मी तुला कधी नीट "बरं वाटलं, मावशी" असंही म्हणालो नाही. आज म्हणतो.

आता त्या भेगेविषयी.

तुमच्या प्रार्थनामंदिराला तुम्ही देऊळच म्हणायचात. दगड-मातीच्या चार भिंती, वर कौलं, घंटेच्या जागी टांगलेला रुळाचा तुकडा. मोठ्या भूकंपात पावसाकडच्या भिंतीला भेग पडली होती, खिडकीच्या कोपऱ्यापासून जमिनीपर्यंत. रविवारी तू रुळावर दोन ठोके द्यायचीस आणि आत जाऊन त्या भेगेत करंगळी घालायचीस. मंडळी दाराशी उभी. करंगळी तेवढी जात असली की तू म्हणायचीस, "बसा." कधी धरणाच्या बाजूनं जमीन हलली, कधी पाऊस जास्त झाला, की आंगठा घालून बघायचीस. आंगठा शिरला की "भाईर." मग उपासना आंब्याखाली. कऱ्हाडहून महिन्यातून एकदा येणारे पाळकसाहेबसुद्धा टोपी हातात घेऊन तुझ्या बोटाची वाट बघत थांबायचे. आंगठा शिरला की चार-दोन जण जाऊन भिंतीला टेकू द्यायचे, सांधे दगडांनी आवळायचे, आणि मृगाच्या आधी भिंतीवर बाहेरून गवताच्या झडी, म्हणजे ताट्या, बांधायचे. भेग पुन्हा करंगळीवर यायची. अशी ती भिंत तुम्ही वर्षानुवर्षं सांभाळून नेली होती.

मी पहिल्या वर्षीच्या अहवालात लिहिलं, "मंडळीत काही भोळसट समजुती आहेत." ते वाक्य माझ्या हस्ताक्षरात आमच्या कपाटात आहे.

ही समजूत कुठून आली ते तू मला सांगितलं होतंस. तांदूळ निवडत बसली होतीस. तुझ्या स्वतःच्या घराच्या भिंतीला भूकंपाच्या कितीतरी आधीपासून बारीक चीर होती. नाताळ तोंडावर आला म्हणून तू घर लिंपून घेतलंस, चीर झाकून गेली, भिंत कशी गुळगुळीत दिसायला लागली. आठवड्यात धरणी हलली. तू पहाटे शेळीकडं गेली होतीस म्हणून राहिलीस. मालक आत होते. "भित सांगत हुती मास्तर," तू म्हणालीस, "मीच तिच्या तोंडाला माती फासली." मी मान हलवली. दुःख झालं मला, खोटं कशाला बोलू. पण मी ते एका बाईचं दुःख म्हणून ऐकलं. त्यात मला सांगितलेलं काही असेल असं मनातही आलं नाही.

तिसऱ्या उन्हाळ्यात आम्ही सिमेंट आणलं. परमिटासाठी मी चार महिने हेलपाटे घातले होते आणि त्याचा मला केवढा अभिमान. देऊळ आतून-बाहेरून सिमेंटनं गिलावा करून द्यायचं, सांगलीच्या मंडळीचे वडील, म्हणजे कारभारी, येऊन समर्पणाची उपासना घेणार, असं ठरलेलं. पोती उतरली आणि तू जाऊन त्यातल्या एका पोत्यावर बसलीस. उठायला तयार नाही. पोरांना गंमत वाटली. यशवंत गवंड्यानं तुला समजावलं, "आवं मावशी, आमच्या तासगावाकडं अशा भितीस्नी सिमिट लावलंय, दगडावानी झाल्यात. पन्नास वर्सं हलायच्या न्हाईत."

"तासगावात पाऊस किती पडतोय?"

"पडतो की दसऱ्यापतुर दोन-चार."

"मग गप बस," तू म्हणालीस.

सगळे हसले. मीच सगळ्यात मोठ्यानं. मंडळीच्या वडिलांनाही सिमेंट हवं होतं, कुणाला नको असतं? खोऱ्यात एकाही देवळाला ते नव्हतं. तू एकटी पडलीस. शेवटी पोत्यावरून उठलीस आणि माझ्यापाशी येऊन हळू आवाजात म्हणालीस, "बरं, लावा. पर माज्या बोटायेवडी जागा सोडा मास्तर. येवडंच मागती. त्या खिडकीखाली, कुनाला दिसनार बी न्हाई."

मी नाही म्हणालो.

का म्हणालो ते आज नीट आठवून लिहितो, कारण तिथंच सगळं आहे. यशवंत तयार होता. "ऱ्हाऊ द्या की मास्तर, म्हातारीचं मन," असं तो म्हणालाही. पण त्या खिडकीखालीच मला बायबलमधलं वचन रंगवायचं होतं. निळ्या रंगात, ठळक अक्षरात, खाली सेवा गटातल्या सगळ्यांची नावं. मधोमध भोक बरं दिसलं नसतं. मी चित्रकलेचा मास्तर, माझ्या डोळ्याला ते खुपलं असतं. वडील काय म्हणतील, तेही होतं. वर मी तुला म्हणालो, "मावशी, देवाच्या घरात आता भीती कशाला?" हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.

समर्पणाच्या दिवशी तू आत आली नाहीस. दाराबाहेर उंबऱ्याच्या अलीकडं बसून गीतं म्हटलीस. आम्ही समजलो, म्हातारी रुसली.

आम्ही आठवड्यात निघालो. आकाशात ढग जमायला लागले होते आणि आमची पोरं लॉरीत गाणी म्हणत होती. झडी बांधायचं त्या वर्षापासून बंद झालं. सिमेंटच्या भिंतीला गवत कोण बांधतंय?

जुलैत तुझं पहिलं कार्ड आलं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. "मास्तर, पावसात एकदा या. भितीला घाम येतोय." मी ते शिक्षकांच्या खोलीत वाचून दाखवलं. उत्तर पाठवलं की नव्या गिलाव्याला पहिलं वर्ष थोडी ओल येतेच, काळजी नसावी. दुसरं कार्ड आलं, "भितीवर पांडरं मीठ फुटलंय, बोट लावलं की गळतंय." त्याला उत्तर दिलं की पुढच्या उन्हाळ्यात रंगाचा हात देऊ. देवळात तू जातच नव्हतीस. भर पावसात, बांबूच्या पानांचं इरलं डोक्यावर घेऊन, दाराबाहेर दगडावर बसायचीस आणि तिथून गीतं म्हणायचीस. लोकांनी नाव पाडलं, सगुणाबाईची वायली मंडळी. आतली मंडळी चाळीस जणांची, बाहेरची तुझी एकटीची.

मे महिन्यात आम्ही आलो की भिंत कोरडी ठणठणीत. मी तुझा हात धरून तुला भिंतीपाशी नेलं, बोटाच्या पेरानं वाजवून दाखवलं. टण्‌ टण्‌ वाजली. "ऐक," म्हणालो. तू म्हणालीस, "मे म्हैन्यात समदीच शानी असत्यात, मास्तर." मी हसलो. तू हसली नाहीस. माझ्या दंडाला धरून म्हणालीस, "मला त्यातलं काय दिसंना झालंय. आदी दिसत हुतं. त्येचं भ्या वाटतंय." आंधळं होत चाललेलं माणूस बोलतं तसा तुझा आवाज होता. मी तुझ्यासाठी तासगावचे बेदाणे आणले होते, ते तुझ्या ओच्यात घातले आणि विषय बदलला.

असे तीन पावसाळे तू बाहेर बसलीस.

तार आली तेव्हा मी नववीच्या वर्गावर होतो. भिजून ताप भरला, सहा दिवसांत आटोपलं. मी तसाच निघालो. सांगलीचे दोन वडीलही आले. पाटणच्या पुढं गाडी जाईना, ओढ्याला पाणी होतं, म्हणून चार मैल चाललो. समोरचं माणूस दिसत नव्हतं. माझी छत्री पहिल्या अर्ध्या मैलात उलटी झाली. पाच वर्षं तुझ्या गावाला येत होतो, आणि तुझं गाव मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

तुझी पेटी देवळात ठेवली होती. जिवंतपणी जिथं पाऊल टाकलं नाहीस तिथं तुला चार जणांनी उचलून नेलं. मला त्या भिंतीशेजारीच जागा मिळाली. मावशी, मे महिन्यातली भिंत ती ही नव्हेच. माझ्या निळ्या अक्षरांना फोड आले होते. आमची नावं ओघळून खाली आली होती. कमरेच्या उंचीवर भिंतीनं पोट काढलं होतं, गिलावा तिथं ताणून गच्च झालेला. मी हात लावला तर गार आणि मऊ. पेरानं हळूच वाजवून पाहिलं. बद्द आवाज आला. आणि गीत चालू असताना गिलाव्याच्या मागं कुठंतरी माती घरंगळल्याचा आवाज आला, फाटक्या पोत्यातून धान्य सांडावं तसा. थांबला. पुन्हा आला.

भिंतीला पाठ लावून बायका बसल्या होत्या, कारण दारातून झड आत येत होती. त्यांच्या मांडीवर पोरं होती. माझ्यापासून हातभर अंतरावर एक मुलगी फोडातला रंग नखानं सोलत होती.

मी उठलो नाही.

पाऊण तास चालली उपासना. उठून "बाहेर चला" म्हणायला दोन शब्द पुरले असते, पण मग का ते सांगावं लागलं असतं. समोर सांगलीचे वडील होते. पाळकसाहेब नेमके तेव्हा आमच्या गटाच्या सेवेबद्दल बोलत होते. मी मनातल्या मनात हिशेब करत होतो की आणखी दहा मिनिटं निघतील, आणखी पाच निघतील. चाळीस माणसांचा जीव एका बाजूला आणि माझी लाज एका बाजूला, आणि मी लाज धरून बसलो. तुझ्या पेटीकडं बघायचं धाडस झालं नाही. तू आयुष्यभर जे एका बोटानं केलंस ते मला पाच बोटं असून जमलं नाही.

माती देऊन परतलो तेव्हा तुझा पुतण्या दावीद माझ्यामागं आला. फौजेतून रजेवर आलेला, अंगावर खाकी रेनकोट. "मास्तर, आत्या काय म्हनत हुती ती भित बगायची हाय मला," एवढंच म्हणाला. त्याच्या हातात पहार होती. आम्ही दोघं आत गेलो. मी खिडकीखाली बोट ठेवलं, जिथं तू जागा मागितली होतीस तिथं. त्यानं पहारीचं टोक टेकवून जरासं ढकललं. ठोकावंसुद्धा लागलं नाही. दाराएवढा गिलाव्याचा पापुद्रा वचनासकट खाली आला.

दावीदनं हात आत घातला. मनगटापर्यंत गेला. तो माझ्याकडं वळला आणि त्याचा चेहरा मी विसरणार नाही.

"आंगठा न्हवं मास्तर. मूठ जातीया."

मग तो पळत बाहेर गेला आणि लोकांना ओरडून सांगायला लागला, "समदं भाईर काडा! आत कुनी जाऊ नगा! मास्तरांनी बगितलंय, भित गेलीया!" घाईत त्याच्या तोंडून माझं नाव गेलं. आणि बघ, लगेच ऐकलं सगळ्यांनी. तीन पावसाळे तू बाहेर भिजत बसलीस तेव्हा कुणी ऐकलं नाही, आणि सांगलीच्या मास्तरानं बघितलं म्हटल्यावर घटकाभरात सतरंज्या, बाजाची पेटी, दिवे, पुस्तकं सगळं शाळेत पोचलं. दारावर बाभळीच्या काट्या लावल्या. दहाव्या दिवशी दुपारी, धक्का नाही, वारा नाही, नुसता पाऊस पडत असताना ती भिंत बसली आणि छप्पर घेऊन गेली. शनिवार होता. शनिवारी दुपारी तिथं मुलं गीतं बसवतात.

बैल गेला आणि झोपा केला, त्यातली गत. पण तुझ्या मंडळीनं त्या झोप्याचाच सत्कार केला. गेल्या रविवारचं ते आभाराचं सगळं मी वरती सांगितलं. बायकांनी भाकरी आणि कोंबडीचा रस्सा केला होता. मला पहिलं ताट. एक म्हातारा माझे हात हातात घेऊन रडला. मी जेवलो, मावशी. दोनदा वाढून घेतलं.

दावीद मला ओढ्यापर्यंत सोडायला आला. दुसऱ्या दिवशी त्याची रजा संपत होती. काठाशी थांबून म्हणाला, "तुमी काय बोलला न्हाईसा."

"काय बोलायला हवं होतं?"

"भेग कुनी बुजवली ती." रागानं नाही म्हणाला, त्यानं राग केला असता तर मला बरं वाटलं असतं. "मी न्हाई सांगनार मास्तर. माजं काम न्हवं ती. आत्याचं बी न्हवं. तुमचं हाय."

एसटीत बसलो, कऱ्हाड मागं पडलं, आणि मग मला ते आठवलं. आठवलं म्हणणं खोटं आहे. ते तीन आठवडे माझ्या मनात होतंच, मी त्याच्याकडं बघत नव्हतो. जांभूळवाडीचं देऊळ इतकं छान दिसायला लागलं होतं की खोऱ्यातल्या इतर मंडळ्यांनी आम्हाला निरोप पाठवले, आमचंबी तसंच करून द्या. गेल्या दोन उन्हाळ्यांत आम्ही तीन वाड्यांतली देवळं केली. तशाच दगड-मातीच्या भिंती, तोच पाऊस. त्या सगळ्या भूकंपातून वाचलेल्या, म्हणजे भेगा होत्याच. यशवंतनं कालवलं, पोरांनी थापलं, मी वचनं रंगवली. आणि त्या तिन्ही ठिकाणी पोत्यावर जाऊन बसणारं कुणी नव्हतं.

सोमवारी पोस्टात जाऊन तारेचा फॉर्म घेतला. "भिंतीजवळ बसू नका" एवढं लिहिलं. पुढं का ते लिहायचं तर माझं नाव घालावं लागलं असतं, ते हातून उतरेना. तीन फॉर्म फाडले. पोस्टातला माणूस बघायला लागला तेव्हा बाहेर आलो. मंगळवारी रजेचा अर्ज टाकला आणि काल निघालो. हे मी पाटणच्या स्टँडवर बसून लिहितोय. कालचं तेवढं तुला सांगतो आणि थांबतो.

पहिल्या वाडीत पोचलो तेव्हा देवळात एक म्हातारी झाडत होती. एकटीच. मला बघून तिला इतका आनंद झाला, "आवं, मास्तर! पावसाचं कसं आलासा?" मी उत्तर न देता भिंतीकडं गेलो. पोट अजून थोडं होतं. मीठ फुटलेलं होतं. मी तिला विचारलं, इथं भेग होती ना?

"व्हय की. लय मोठी हुती. तुमीच की बुजवलीसा. त्याच्या आदी आमी भीत भीतच बसायचो बगा. आता कसं, निवांत."

मी म्हणालो, आजीबाई, ते चुकलं आमचं. भेग आत आहे, वाढतीय, तुम्ही बाहेर चला. ती हसली. मास्तर थट्टा करतात असं वाटलं तिला. "ह्ये सिमिट हाय, मास्तर," असं मलाच समजावून सांगायला लागली, आणि मला खात्री पटावी म्हणून त्या फुगलेल्या जागेला पाठ टेकून खाली बसली. वर तळहातानं भिंतीवर थापट्या मारल्या. आत माती घरंगळली. तिला ऐकू आली नाही, मला आली.

मी तिच्या दंडाला धरलं आणि ओढत बाहेर काढलं. वयानं तुझ्याएवढी बाई. तिचा खराटा पडला, पदर सुटला, ती मला नाही नाही ते बोलली आणि ओरडायला लागली. शेतातून माणसं पळत आली, घरांतून बायका आल्या. सगळी पावसात गोळा होऊन माझ्याकडं बघायला लागली. म्हातारीला हात लावणारा परका माणूस म्हणून दोघं-चौघं अंगावर यायच्या बेतात होते. त्यातल्या एकानं ओळखलं आणि विचारलं, "मास्तर, झालं काय?"

तेव्हा मी सांगितलं, मावशी. मोठ्यानं सांगितलं, पाऊस होता म्हणून. ही भेग मी बुजवली. जांभूळवाडीची पण मीच बुजवली, ती भिंत पडली. तिथं सगुणाबाई नावाची एक बाई मला बोटाएवढी जागा मागत होती आणि मी दिली नाही. तुझ्या मातीच्या वेळी मी पाऊण तास गप्प बसलो, तेही सांगितलं. कुणी आमेन म्हणालं नाही. एक जण पहार आणायला गेला.

दुसऱ्या वाडीची गाडी लागलीय. तिच्यानंतर अजून एक आहे, आणि पाऊस कालपासून थांबलेला नाही.